श्री. मोशन स्मूदनिंग यांस, शम्मी कपूरच्या वतीने

श्री. मोशन स्मूदनिंग,
उर्फ ट्रूमोशन, उर्फ मोशनफ्लो, उर्फ ऑटो मोशन प्लस,
मुक्काम: पिक्चर सेटिंगच्या आत, अ‍ॅडव्हान्स्डच्याही आत, आमचा नवा टीव्ही, फ्रीगंज, उज्जैन.



सर्वप्रथम अभिनंदन. शम्मी कपूरला सुतासारखं सरळ करणं त्याच्या हयातीत एकाही दिग्दर्शकाला जमलं नाही. तुम्ही ते रविवारी रात्री आमच्या हॉलमध्ये करून दाखवलंत. ‘जंगली’तला तो बर्फ, ती आरोळी, मान झटकत उतारावरून घरंगळणारा तो माणूस, आणि त्यातला प्रत्येक झटका तुम्ही निगुतीने काढून टाकलात. मान डावीकडून उजवीकडे जाताना त्याच्या कानाभोवती पातळ, थरथरतं धुकं दिसत होतं. एका झटक्यात तर क्षणभर त्याला दोन नाकं आली. माझ्या आजीने हा सिनेमा लग्नाआधी टॉकिजमध्ये पाहिलेला. तिने चष्मा पुसला आणि विचारलं, “हा परत नव्याने काढलाय का रे? पोरगा चांगलाय, पण आधीच्याची सर नाही.”

तुमची कार्यपद्धती मी समजून घेतली आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. फाळके १९१३ मध्ये हाताने हँडल फिरवत होते तेव्हा हा आकडा पक्का नव्हता. पुढे बोलपट आले, आवाजाची पट्टी एकाच गतीने धावणं भाग पडलं आणि जगभर २४ ठरले. आमचा पडदा मात्र सेकंदाला ६० वेळा बदलतो. मग तुम्ही काय करता? दोन चित्रं शेजारी ठेवून पाहता, कोणता तुकडा कुठून कुठे सरकला याचा अंदाज बांधता आणि मधली चित्रं स्वतःच काढता. म्हणजे सेकंदाला २४ दिग्दर्शकाची आणि निदान ३६ तुमची. ‘सैराट’ १७४ मिनिटांचा आहे. त्या हिशोबाने नागराज मंजुळ्यांच्या सिनेमात तुम्ही एका रात्रीत पावणेचार लाख चित्रं घुसडलीत, तीही मानधन न घेता. कीर्तनकार श्वास घेतो तेवढ्यात टाळकऱ्याने पदरचा अभंग म्हणून घ्यावा, तसलं तुमचं काम.

आणि हे उद्योग कुठे, तर उज्जैनमध्ये! महाराज, गाव तरी बघून यायचं. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेखा या गावातून नेली. क्षिप्रेकाठी सवाई जयसिंगाची वेधशाळा आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि आमच्यातलेच गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्रावर सावली सरकते ती सूर्य सरकवेल तेवढीच. ‘सावली जरा अडखळते, मधल्या दोन-चार आम्ही घालू का?’ असं विचारायची आपटे शास्त्र्यांसमोर कुणाची छाती झाली नसती. शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तरी आम्ही मराठी घरं इथेच राहिलो. कालमापनाच्या गावात उपरे सेकंद खपवून घेण्यासाठी नव्हे.

तुमची बाजूही मी मांडतो, म्हणजे एकतर्फी निकाल दिला असं व्हायला नको. ६० ला २४ ने भाग जात नाही. म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा असं दाखवावं लागतं आणि कॅमेरा एखाद्या वाड्यावरून सावकाश फिरला की बारीकसा हिसका जाणवतो. तो लपवायला तुम्हाला नेमलं, हे मान्य. पण १२० च्या पडद्यावर प्रत्येक चित्र पाचदा दाखवलं की काम भागतं, तिथे तुम्ही कशाला लागता? तरी तिथेही तुम्ही ठाण मांडून. बाबा म्हणतात, क्रिकेटला बरा असतो तो. बाबांना कोण सांगणार, की आपल्याकडच्या मॅचच्या प्रक्षेपणात सेकंदाला ५० वेळा चित्र आधीच बदलत असतं. तिथे तुम्ही आयत्या बिळावर नागोबा.

तुमचं खरं कर्तृत्व मात्र दुकानात पाहावं. तिथे झगझगीत दिव्यांखाली तुमचा जोडीदार, तो ‘विविड’ नावाचा भडक इसम, झाडांना पोपटी आणि माणसांना शेंदरी रंग फासून उभा असतो. शेजारी तुम्ही. पडद्यावर मधमाशी फुलावर बसते. विक्रेता म्हणतो, “भिया, देखो, एकदम मक्खन!” आणि आम्ही मक्खन घरी आणतो. घरी आल्यावर कळतं, की मधमाशीसोबत कुणी रविवारची संध्याकाळ घालवत नसतं.

‘सैराट’चा शेवट आठवतो? आवाज नाहीसा होतो आणि ते लेकरू दारातून आत येतं. टॉकिजमध्ये त्या वेळी आमच्या रांगेत कुणी हललं नव्हतं. घरी तुमच्या कृपेने ते लेकरू समोरच्या गल्लीत कुणी मोबाइलवर टिपल्यासारखं तुरुतुरु चाललं, पाठीमागची चौकट त्याच्याबरोबर लवलवली, आणि माझा भाचा म्हणाला, “मामा, हे सेटवर केलंय ना? कळतंय.” त्याला तसं कळावं म्हणून एवढी माणसं राबली नव्हती.

तुमच्यावरचा सगळ्यात मोठा आरोप पुढे आहे. खलनायक तुम्ही, आणि घरात नाव झालं माझं. सिनेमा थांबवतो कोण? मी. रिमोट हातात घेऊन मेनूच्या तळघरात उतरतो कोण? मी. तोवर पोहे गार होतात, आजी पेंगते, बायको विचारते, “तुला सिनेमा बघायचाय की टीव्ही?” निम्म्या घराला तुम्ही दिसतच नाही. ज्यांना दिसता, त्यांना दुसरं काही दिसत नाही. मी तुम्हाला बंद करतो, चार दिवस शांतता असते, मग वायफायवरून एक अपडेट येतो आणि तुम्ही पुन्हा पाटावर.

मी एकटाच नाही, हाच काय तो दिलासा. टॉम क्रूझ विमानाला बाहेरून लटकला तेव्हा डगमगला नाही. पण डिसेंबर २०१८ मध्ये दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीला शेजारी घेऊन त्याने चित्रफीत काढली आणि तुम्हाला बंद करा म्हणून जगाला हात जोडले. पुढच्याच वर्षी टीव्हीवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी मिळून ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. तो लावला की तुम्ही आणि तुमचे साथीदार एकदम बाहेर. चांगली सोय आहे. फक्त ती आपोआप लागायला हवी होती आणि तुम्ही शोधल्याशिवाय सापडायला नको होतात. आमच्याकडे नेमकं उलटं झालंय.

तेव्हा कळवायचं ते एवढंच. येत्या रविवारी ‘कागज के फूल’ लावणार आहोत. १९५९ चा, कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. त्यात अंधाऱ्या स्टुडिओत उन्हाचा एक झोत उतरतो. मूर्तींनी आरशांवरून ऊन परतवून तो आत आणला होता. त्या झोतातल्या धुळीचा एक कणही तुम्ही पुढे-मागे सरकवायचा नाही. मंजूर नसेल तर जेवणानंतर, सिनेमाच्या आधी, समोरासमोर बोलू.

आपला,
घरातला खलनायक

ता. क. आईच्या सातच्या मालिकेत तुम्ही असलात काय आणि नसलात काय, तिला काही फरक वाटत नाही. तेवढी वेळ तुम्हाला देता येईल. मात्र रिमोट सध्या बाबांच्या उशीखाली असतो, तेव्हा पुढचा पत्रव्यवहार थेट त्यांच्याशीच करावा.