माणसं धरून एक खंडी

वजनमापे खात्यात मी तेहतीस वर्षं निरीक्षक होतो. सातारा जिल्ह्यातल्या किती किराणावाल्यांच्या, भंगारवाल्यांच्या आणि सोनारांच्या काट्यांवर माझा शिक्का बसला असेल, त्याची गणती नाही. पारड्याच्या बुडाला चिंच चिकटवणारे पाहिले, मापाला आतून पोचा देणारे पाहिले, दांडीखाली हळूच करंगळी लावणारेही पाहिले. हे सगळे दुसऱ्याला कमी देणारे. स्वतःच्या गाडीत जास्त भरून वर ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस मला अमेरिकेत भेटला, आणि तो माझा सख्खा भाचा निघाला.

मिलिंद फ्रीमाँटला असतो. त्याच्याकडे चार दारांचा पिकअप ट्रक आहे. ट्रक म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे ऊस आला, पण हा आतून एखाद्या हॉटेलच्या लॉबीसारखा. कातडी सीटा, छताला काच, मागे पाच-साडेपाच फुटांचा उघडा हौदा. त्या हौद्यात ठेवायला त्यानं एक ‘कॅम्पर’ घेतला होता. म्हणजे घरच. ओटा, सिंक, फ्रीज, गाद्या. छत वर उचललं की कापडी भिंती उभ्या राहतात, मिटलं की पेटी. या बिऱ्हाडासकट आम्ही पाच जणांनी टियोगा घाट ओलांडून मोनो सरोवर गाठायचं, असा बेत होता.

“मामा, हा हाफ-टन ट्रक आहे,” मिलिंद कौतुकानं म्हणाला.

“म्हणजे अर्धा टन माल नेतो?”

“छे! ते नुसतं नाव.”

ते खरं होतं. अमेरिकन टन दोन हजार पौंडांचा, त्याचा अर्धा म्हणजे हजार पौंड, आणि कोणे एके काळी या वर्गातले पिकअप खरोखरच तेवढा माल वाहायचे. आता कुणी बाराशे पौंड नेतो, कुणी दोन हजारांच्या वर. नाव मात्र चिकटलेलं. आमच्या गल्लीत सावकार आडनावाचे एक मास्तर होते, त्यांची सायकल हप्त्यावर घेतलेली होती.

मग या ट्रकाचा खरा आकडा कुठला? तो मला निघायच्या आदल्या रात्री सापडला. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पिवळा-पांढरा कागद डकवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या वजनाच्या वर कदापि जाऊ नये, असं त्यावर छापलेलं. या गाडीला ७४४ किलो, म्हणजे १,६४० पौंड. जुन्या हिशेबात चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी धरली तर जवळजवळ बरोबर एक खंडी. आणि हा आकडा सबंध मॉडेलचा नव्हे, त्या एका गाडीचा. कारखान्यातून निघताना तिच्या अंगावर जे-जे चढलं, ते सगळं आधीच वजा केलेलं. मिलिंदची काच आणि कातडं तिथंच खर्ची पडलं होतं. पेट्रोलची भरलेली टाकीसुद्धा गाडीच्या वजनात धरलेली. चालवणारा माणूस मात्र धरलेला नाही. तो माल.

मला गहिवरून आलं. इतकं स्वच्छ मापन मी साताऱ्यात बघितलं नव्हतं. तिथल्या टेंपोवर ‘हॉर्न ओके प्लीज’ असतं.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कॅम्परच्या माहितीपत्रकात वजन छापलं होतं ४२२ किलो. खाली मुंगीच्या अक्षरात ‘कोरडं वजन’. कोरडं म्हणजे पाणी नाही, गॅस नाही. आणि याच कंपनीच्या हिशेबानं फ्रीज, हीटर, बॅटरी, छतावरचं सौर पॅनेल, बाजूची कनात, हेही नाही. हे सगळं मिलिंदनं हौसेनं लावून घेतलेलं. त्याची वजनं दुसऱ्या पानावर. बेरीज ८६ किलो. म्हणजे लग्नात मुलगी फक्त बघायची आणि सासरवाडी मागाहून मोजायची, तसला प्रकार.

“मिलिंद, ५०८ झाले. पाणी किती?”

“वीस गॅलन.”

अमेरिकेच्या गॅलनाला ८.३४ पौंड. वीस गॅलनांचे ७६ किलो. गॅसचा भरलेला सिलिंडर १७ किलो. एकूण ६०१. सातशे चव्वेचाळीसातून गेले, राहिले १४३.

“एकशे त्रेचाळीस किलोंत पाच माणसं,” मी म्हणालो. “आपण उंदीर आहोत का?”

मिलिंद हसला. “मामा, ही गाडी अकरा हजार पौंड ओढते. जाहिरातीतच आहे.”

“ओढते ना? पाठीवर घेत नाही. बैल गाडीला जुंपून दोन खंडी ओढतो, म्हणून त्याच्या वशिंडावर दोन खंडी ठेवशील?”

हे त्याला पटलं नाही, कारण त्यानं बैल पाहिला नव्हता. त्याच्या ऑफिसातल्या कुणी तरी सांगितलं होतं, मागच्या स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या बसव, गाडी सरळ उभी राहते. राहील की. कललेल्या पारड्याखाली बोट लावलं की पारडंही सरळ राहतं. दारावरचा आकडा त्यानं वाढत नाही. ॲक्सल तेच, ब्रेक तेच, टायर तेच.

मग माणसांची वजनं घ्यायचं ठरलं. बाथरूममधला काटा हॉलमध्ये आला. मिलिंदची बायको ऋचा चढली, साठ. त्यांची मुलगी अन्वी चढली, सव्वीस, आणि दोनदा उडी मारून चाळीस करून दाखवले. मी चौऱ्याऐंशी. मिलिंद खिशातला फोन, किल्ल्या आणि शेवटी घड्याळ काढून चढला, तरी ब्याण्णव. मग सगळ्यांनी आमच्या हिच्याकडे बघितलं.

“मी बासष्ट आहे,” ही म्हणाली.

“मामी, चढा ना एकदा.”

“कशाला? मागच्या संक्रांतीला बासष्टच होते.” आणि ती स्वैपाकघरात निघून गेली. तेहतीस वर्षांच्या नोकरीत पडताळणीला इतक्या शांतपणे नकार देणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. मी बासष्ट लिहून घेतले. निरीक्षकालाही घरी जेवायचं असतं.

स्वैपाकघरात ती काय करत होती, ते सकाळी कळलं. पाच लिटरचा कुकर, बिडाचा तवा, खलबत्ता, दहा किलो तांदूळ, भाजणी, मेतकूट, दोन लोणची आणि बेसनाच्या लाडवांचा स्टीलचा डबा. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा माझ्याजवळ असतोच. एकेक पिशवी लटकवून बघितली. पंचावन्न किलो.

“जंगलात दुकान असतं का?” ही म्हणाली. हा प्रश्न बिनतोड होता.

आणि हे सगळं गेलं कॅम्परच्या मागच्या दाराशी, कारण हात तिथंच पोचत होता. कॅम्परच्या कुशीवर कंपनीनं एक खूण केलेली असते, त्याचा गुरुत्वमध्य दाखवणारी. ती खूण मागच्या चाकांच्या पुढे यायला हवी. मागे गेली की गाडीचं पुढचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग पोकळ लागतं. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्यानं प्रवास केलाय, त्याला मागच्या चाकाच्या पलीकडे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पहाटे पाचला निघालो. गाडीनं शेपूट टेकली होती आणि नाक वर केलं होतं. दिवे रस्त्यावर पडायच्या ऐवजी झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. कॅलिफोर्नियातली घुबडं त्या दिवशी दचकली असतील. समोरून येणारे आम्हाला दिवे मारत होते. मिलिंद म्हणाला, इथली माणसं फार मनमिळाऊ.

मला स्टाइनबेक आठवला. १९६० साली तो असाच पिकअपवर खोली चढवून अमेरिका बघायला निघाला होता. ट्रकाला त्यानं डॉन किहोटेच्या घोड्याचं, रोसिनान्तेचं नाव दिलं होतं. तो ट्रक आता सलिनासच्या संग्रहालयात आहे. एक लेखक आणि एक कुत्रा, एवढ्यांसाठी त्यानं घेतला होता पाऊण टनी. आम्ही पाच जण, एक कुकर आणि अर्धा टनी.

लॅथ्रॉपजवळ मालट्रकांचा मोठा थांबा लागला आणि तिथं मला वजनकाट्याची पाटी दिसली. “मिलिंद, थांब,” मी म्हणालो. ज्या आवाजात मी एकेकाळी दुकानाचं शटर उघडायला लावायचो, तोच आवाज निघाला. त्यानं ब्रेक दाबला. गाडी थोड्या वेळानं थांबली.

काय तो काटा! लांबलचक लोखंडी पट्ट्या जमिनीत बसवलेल्या. पुढची चाकं एका पट्टीवर, मागची दुसरीवर, दोन्हींचं वजन वेगवेगळं. माझे हात नकळत शिक्का शोधायला लागले. बाजूला खांबावर बोलायचं बटण होतं, पण ते अठरा चाकी ट्रेलरवाल्याच्या उंचीवर. मिलिंद खाली उतरून, खांबाला धरून, चवड्यांवर उभा राहिला.

“पहिलं वजन की फेरवजन?” आतून बाईचा आवाज आला.

“पहिलं.”

“कंपनीचं नाव?”

मिलिंद गोंधळला. “कुलकर्णी,” तो म्हणाला.

“गाडीत बैस आधी!” मी ओरडलो. “ब्याण्णव किलो बाहेर उभे आहेत!” एवढा मोठा माणूस वगळून वजन करणं म्हणजे सरळ काटा मारणं. तो धावत येऊन बसला, गाडी झुलली, थांबली आणि वजन झालं.

आत जाऊन पंधराएक डॉलर भरून चिठ्ठी आणली. वर छापलं होतं, कंपनी: कुलकर्णी. पुढचा ॲक्सल ३,४४० पौंड. मागचा ४,१००. एकूण ७,५४०. दारावरच्या दुसऱ्या पट्टीनुसार गाडी भरून जास्तीत जास्त ७,०००, आणि मागच्या ॲक्सलला ३,८००. म्हणजे एकूण ५४० पौंड वर. २४५ किलो. मिलिंदसारखे दोन मिलिंद आणि एक कॉलेजातला मिलिंद.

तो चिठ्ठी हातात धरून बराच वेळ उभा होता. मग मागच्या टायरांपाशी बसून त्यांचे फुगलेले गाल बघून आला. पुढे प्रीस्ट ग्रेडचा चढ, पुढे टियोगा, आणि मग तेच सगळं पलीकडे उतरायचं. “मामा,” तो म्हणाला, “काय काढायचं?”

पाणी आधी. नळ उघडला. वीस गॅलन पाणी बाहेर यायला जो वेळ लागला, त्यात दुष्काळी माणदेशात नोकरी केलेल्या माझा जीव अर्धा झाला; मी गाडी वाळक्या झुडपांपाशी लावायला लावली, निदान त्यांच्या तरी मुखी जावं. कॅम्पात नळ होता, तिथं भरता आलं असतं. कॅम्पर काही काढता येत नव्हता. राहिली माणसं. ऋचाची एक मैत्रीण माउंटन हाउसला राहते, तिथून फार लांब नाही. ऋचानं फोन केला, आणि तासाभरात ती मैत्रीण आपली विजेवरची गाडी घेऊन, मागून नवऱ्याच्या गाडीत बसून परत जाण्याच्या तयारीनं, उपम्याचा डबा घेऊन हजर झाली. परदेशातल्या मराठी माणसांबद्दल कुणी काहीही म्हणो.

ऋचा, अन्वी आणि ही त्या गाडीत गेल्या. बरोबर मी मोजून तीस किलो सामान दिलं. तवा, खलबत्ता, तांदूळ, लोणची. लाडवांचा डबा ट्रकातच राहिला. तोल साधायला काही तरी लागतंच.

मग फेरवजन. चोवीस तासांच्या आत असेल तर थोडक्यात होतं. या वेळी मिलिंदनं ‘कुलकर्णी’ ठणकावून सांगितलं. चिठ्ठी आली, ६,९६०. चाळीस पौंड खाली. आमच्याजवळ आता अठरा किलोंची श्रीमंती होती.

पुढचा प्रवास असा झाला की त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं. ब्रेक दाबला की गाडी थांबत होती. जुना प्रीस्ट ग्रेड सोडून आम्ही नव्या, वळणावळणाच्या रस्त्यानं पसरणी घाटासारखे निवांत चढलो. टियोगाला ३,०३१ मीटरवर उतरून सगळ्यांनी फोटो काढले. वाटेत फळांच्या एका टपरीवर हिनं पीचची अख्खी पेटी घेऊन ती ट्रकाच्या दिशेनं आणली, तेव्हा मिलिंद दोन्ही हात आडवे करून दारात उभा राहिला. मला त्याचा अभिमान वाटला.

संध्याकाळी ली वायनिंगजवळच्या कॅम्पात कनात लावली. मोनो सरोवरातले चुनखडीचे सुळके उन्हात पिवळे झाले होते. ऋचा अन्वीला ते दाखवायला घेऊन गेली. मिलिंदनं पहिल्यांदा पाण्याची टाकी काठोकाठ भरली आणि खुर्ची टाकून बसला. ही चहा करत होती. मी दोन्ही चिठ्ठ्या काढून सहज शेजारी-शेजारी ठेवल्या. सवय.

७,५४० वजा ६,९६०. फरक ५८० पौंड, म्हणजे २६३ किलो. त्यातलं पाणी ७६. सामान ३०, माझ्या काट्यावर तोललेलं. ऋचा साठ, अन्वी सव्वीस. सगळं वजा केलं आणि उरलेल्या आकड्याकडे बघतच राहिलो. मग पुन्हा वजा केलं. एकाहत्तर.

“अहो, एवढं काय त्या चिठ्ठ्यांत?” ही म्हणाली.

“काही नाही. हा काटा वीस-वीस पौंडांच्या टप्प्यानं आकडा दाखवतो,” मी चिठ्ठ्या घडी करून खिशात घातल्या. “त्यामुळे नऊएक किलो इकडचे तिकडे व्हायचेच.”

हिनं चहाचं भांडं खाली ठेवलं.

“कुणाचे नऊ किलो?”

मिलिंद ताडकन उठला आणि टाकीत पाणी भरून येतो म्हणाला.