वाघ दिसला तरच टिप

ताडोबा मंगळवारी बंद असतो. उरलेले सहा दिवस वाघाने सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत कामावर हजर राहावं, एवढीच आपली माफक अपेक्षा असते. शनिवार-रविवारी सफारी महाग, तेव्हा त्या दिवशी त्याने थोडा ओव्हरटाइमही करावा.

आपण आपल्या बाजूने काही कमी ठेवलेलं नसतं. महिनोनमहिने आधी ऑनलाइन बुकिंग केलेलं असतं. पहाटे उठून, आधार कार्ड खिशात घालून मोहर्ली नाहीतर कोलारा गेटवर रांग लावलेली असते. जंगलात मिसळून जावं म्हणून पानापानांचे हिरवे शर्ट घेतलेले असतात आणि ते घालून आपण सहा जण उघड्या जिप्सीत, डिओच्या घमघमाटासह, अखंड कुजबुजत बसलेलो असतो. गाभा क्षेत्रात मोबाइलला बंदी असते. त्यामुळे काही जणांना निसर्गाआधी अस्वस्थतेचंच दर्शन होतं. हातभर लांबीच्या लेन्सला मात्र मुभा असते, आणि ती कोणाच्या ना कोणाच्या कानाला लागतच असते.

गाडी गेटमधून आत शिरून जेमतेम शंभर मीटर जाते आणि पहिला प्रश्न येतो. “काय भाऊ, दिसेल ना?”

गाइड आसपासच्याच गावातला तरुण असतो. हा प्रश्न त्याने कालही ऐकलेला असतो आणि उद्याही ऐकायचा असतो. “कालच्या राउंडले दिसली होती साहेब, पाहू ना.” यातलं ‘पाहू ना’ कोणाला ऐकू येत नाही. ‘दिसली होती’ तेवढं सगळे ऐकतात आणि करार झाला असं धरून चालतात.

मग जंगल सुरू होतं. म्हणजे वाघाच्या आड येणारं सगळं सुरू होतं. चितळ येतात. “हे काय, बकऱ्यांसारखे आहेत.” रानगवा रस्ता अडवून उभा राहतो, तर लोक घड्याळ बघतात. मोहर्लीहून ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंड राजांच्या काळचे दगडी खांब आहेत. त्यांतून दोर ओवून, घंटा वाजवून निरोप पोचवत असं सांगतात. गाइड सांगू लागतो, तोवर मागून आवाज येतो, “खांब राहू दे भाऊ, कॉल कुठे आहे ते सांग.” तलावाच्या काठी मगर पहुडलेली असते. मगरीला शेपूट आहे, दात आहेत, जबडा आहे, पण पट्टे नाहीत. पुढे चला.

त्याच तलावाकाठी तारूचं देवस्थान आहे. तारू हा गोंडांचा गावप्रमुख. वाघाशी झालेल्या झुंजीत तो मेला आणि देव झाला, अशी आख्यायिका आहे. पौषात तिथे आदिवासींची यात्रा भरते. ज्या माणसाला वाघ अगदी जवळून दिसला, त्याला इथे हात जोडतात. आपण मात्र त्याच्या गावात येऊन ‘अजून जवळ घे ना गाडी’ म्हणतो.

वाघाची बाजूही ऐकून घेऊ. दिवसाचा बराचसा वेळ तो झोपतो किंवा सावलीला पडून राहतो. शिकारीला निघाला तर बहुतेक वेळा रिकाम्या पोटी परततो. ताडोबाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटर आहे, आणि राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या निर्देशांप्रमाणे गाभ्याच्या २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. म्हणजे जंगलाचा बहुतांश भाग असा आहे, जिथे आपण नाही आणि वाघ निवांत आहे. तो तिथे का जातो, हे समजायला फार मोठी बुद्धी लागत नाही. चितळ हुकलं म्हणून वाघाने कधी जंगलाला एक स्टार दिलेला नाही. आपण रिसॉर्टवर पोचून वाय-फाय मिळाल्याबरोबर देतो.

आता मुद्द्याचं. चार तासांनी गाडी गेटबाहेर येते. वाघ दिसलेला असेल तर पाकिटं सैल होतात. गाइडच्या पाठीवर थाप पडते, चालकाला ‘कलाकार’ म्हटलं जातं, नोटा हातात पडतात. वाघ दिसला नसेल तर सगळ्यांना एकदम बाथरूमची घाई होते. त्या गाइडने चार तास पंजाचे ठसे दाखवलेले असतात, वानराची खाकर आणि सांबराचा कॉल यांतला फरक सांगितलेला असतो, झाडाशी एकजीव झालेलं घुबड शोधून दिलेलं असतं. त्याचा हिशेब शून्य. सफारीला दरपत्रक असेल, प्रत्यक्षात दर एकाच गोष्टीला मिळतो.

दर एकाच गोष्टीला मिळाला की काय होतं, ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगावच्या बाजूला एफ-२ ही वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट अडवली. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवायचं, त्याला घेरायचं नाही, हे नियम प्रत्येक चालकाला तोंडपाठ असतात. पण वर्षाचा शेवटचा दिवस, गाडीत सहा पाहुणे, सहा लेन्स आणि ‘अजून थोडं पुढे घे’चा सहा आवाजांतला कोरस. चित्रफीत सगळीकडे फिरली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पहिली कुऱ्हाड कोसळली ती चालकांवर आणि गाइडवर. ती योग्यच होती. फक्त ‘पुढे घे’ म्हणणारे आवाज तोवर नवीन वर्षाच्या शुभेच्छा देऊन आपापल्या शहरांत परतले होते. वाघीण घेरली ती टायरांनी, हे खरं. टायर फिरवले ते टिपेने, हेही तितकंच खरं.

गंमत अशी की याच परिसरात हजारो लोकांना वाघ फुकट दिसतो आणि त्यांना तो नको असतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. त्यांतला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्यात आहे आणि कितीतरी वाघ व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेर, गावांच्या शेजारी राहतात. मे महिन्यात पाणवठे आटतात, वाघ हमखास पाण्यावर येतो, म्हणून आपण मे महिन्याचं बुकिंग धरतो. तोच मे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. बिडीची पानं तोडायला बायका पहाटे जंगलात जातात. ना जिप्सी, ना गाइड. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. आपल्याकडे त्या आठवड्यात चर्चा होती ती कोणत्या गेटला ‘साइटिंग’ चांगलं आहे याची.

ताडोबाची माया वाघीण कोणाला माहीत नाही? तिचे फोटो दिवाणखान्यांत लागले, बछड्यांची मोजदाद झाली. २०२३ मध्ये ती दिसेनाशी झाली, तेव्हा तिच्या शोधाच्या बातम्या कितीतरी दिवस चालल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच वाघिणीच्या हल्ल्यात वनरक्षक स्वाती ढुमणे गेल्या. त्या व्याघ्रगणनेसाठी कोलारा भागात पायी सर्वेक्षण करत होत्या. वाघ किती आहेत हे आपल्याला कळावं म्हणून कोणीतरी पायी चालतं, तेव्हा कुठे आपल्या जिप्सीतल्या गप्पांना ४४४ हा आकडा मिळतो. मायाच्या बछड्यांची नावं सांगणाऱ्या किती जणांना ढुमणे हे नाव सांगता येईल?

आणि आपण ज्या हिरव्यागार कुरणावर दुर्बीण रोखून बसतो, तिथे जामणी नावाचं गाव होतं. गाव उठलं, पुनर्वसन झालं, शेतांवर गवत आलं, गवतावर चितळ आले, चितळांमागे वाघ आला आणि वाघामागे आपण आलो. नवेगावचंही तसंच. वाघाला जागा हवी होती, तेव्हा हे व्हायचंच होतं. पण घर सोडणाऱ्यांनी वर्गणी आधीच भरलेली आहे, एवढं लक्षात ठेवून तरी ‘पैसे वसूल झाले नाहीत’ हे वाक्य गिळावं.

म्हणून जंगलात जाऊच नये का? जावं, जरूर जावं. पर्यटन आहे म्हणून मोहर्लीच्या पोराला पुण्यात सिक्युरिटी गार्ड व्हावं लागत नाही, आणि ज्याचं पोट वाघावर आहे तो वाघ मारू देत नाही. मारुती चितमपल्लींनी हयात जंगलात घालवली आणि मराठीला पक्षीकोश दिला. पट्टे नसलेल्या गोष्टींतही बघण्यासारखं बरंच असतं, याचा तो जाडजूड पुरावा आहे.

तेव्हा एवढीच विनंती. पुढच्या वेळी गेटमधून आत शिरताना ‘दिसेल ना?’ विचारू नका. गाइडचं नाव आणि गाव विचारा. गाडी पुढे घ्यायला सांगू नका. दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्याला गप्प करा, तो तुमचा मेहुणा असला तरी. आणि ज्या दिवशी वाघ दिसणार नाही, त्या दिवशी गाइड आणि चालकाच्या हातात ठरवल्यापेक्षा शंभर रुपये जास्त ठेवा. त्यांनी वाट अडवली नाही, घेरलं नाही, वेळेत गेटबाहेर आणलं, त्याची ती मजुरी आहे. वाघ दिसला तर नेहमीचेच द्या. वाघ त्यांनी आणलेला नसतो.