ड्रमचे दात

जुनी वस्तू विकणारा आधी तिची गोष्ट सांगतो आणि मग किंमत. गोष्ट लांबत चालली की समजावं, आकडाही चढत चाललाय. ड्रमसेटची गोष्ट तर आमच्याकडे हमखास एकाच स्टेशनावर येऊन थांबते. १९६६ साली ‘तीसरी मंझिल’ आला. हॉटेलात ड्रम वाजवणारा शम्मी कपूर आणि आर. डी. बर्मनचं संगीत. तेव्हापासून मुंबई-पुण्यात माळ्यावरून खाली उतरणारा प्रत्येक जुना सेट त्या रेकॉर्डिंगला हजर होता, असं त्याच्या मालकाकडून कळतं. ते सगळे सेट खरंच तिथे गेले असते, तर वादकांना स्टुडिओबाहेर फुटपाथवर बसून वाजवावं लागलं असतं.

मला वाजवता येतं बेताचंच, पण बघता बऱ्यापैकी येतं. त्यामुळे ओळखीपाळखीतून “जरा येऊन बघून जा” अशी बोलावणी येतात. माझा शिरस्ता ठरलेला आहे. गोष्ट ऐकायची, चहा घ्यायचा, आणि हिशेबात दोन्ही धरायचं नाही. बैलबाजारात जाणता शेतकरी बैलाच्या घराण्याचं कौतुक मान डोलवत ऐकतो, पण हात मात्र बैलाच्या जबड्याकडे जातो. आदत, दुसा की चौसा, ते दात बघूनच ठरतं. ड्रमचंही तोंड असंच उघडावं लागतं. रिमचे स्क्रू सोडवायचे, हेड म्हणजे वाजवायचा पडदा उतरवायचा आणि मोबाइलचा टॉर्च आत मारायचा.

लुडविगचंच घ्या, कारण विकणाऱ्यांच्या तोंडी तेच नाव आधी येतं. दोन लुडविग भावांनी १९०९ साली शिकागोत सुरू केलेली ही कंपनी. साठीच्या दशकातलं तिचं शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी नळकांडं, तीन थरांचं, आणि कडांना आतून लाकडी कडी. आधी आतला रंग पांढरा, मग बरीच वर्षं करडा, ठिपक्याठिपक्यांचा. १९६८च्या सुमारास रंग गेला आणि लाकूड दिसायला लागलं. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर कडीही गेली आणि थर सहा झाले. म्हणजे “बासष्टचा आहे, साहेब” असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल आणि आत सहा थर मोजता येत असतील, तर चहा संपवून उठावं. नशीब जोरावर असेल तर आत लाल शाईचा तारखेचा शिक्काही सापडतो. तो अस्पष्ट असला तरी मला फार आवडतो. कोण्या कामगाराने कंटाळून मारलेला तो शिक्का आज मालकापेक्षा जास्त खरं बोलत असतो.

बाहेरच्या बॅजवरच्या नंबरावर मात्र लोकांची भलतीच श्रद्धा. कारखान्यात हे बॅज डब्यात पडलेले असत, कामगाराच्या हाताला लागेल तो ड्रमवर बसे. त्यामुळे एकाच सेटमधल्या तीन ड्रमचे नंबर एकमेकांशी काडीचाही संबंध ठेवत नाहीत. गिऱ्हाईक इथे बिथरतं. बिथरू नये. बॅज जिने बसवलेला असतो ती छोटी धातूची नळी कधी उचकटलेली आहे का, एवढं पाहावं. उचकटलेली असली, तर वरचं रंगीत आवरण कोणीतरी नंतर चढवलेलं असण्याचा संभव मोठा.

आपल्याकडे आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे पावसाळा. क्रोमवर पुरळ येतं, गोंद सुटतो, शेलचे थर फुगतात. त्यात १९८५ साली रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड आला. सुटकेसएवढ्या डब्यात अख्खा सेट मावतो म्हटल्यावर टेम्पोचं भाडं कोण भरणार? ऑर्केस्ट्रांनी हळूहळू ड्रम माळ्यावर टाकले, आणि पुढचे सगळे पावसाळे त्यांनी तिथेच काढले.

अशाच एका माळ्यावरचा सेट बघायला मी ठाण्यात गेलो होतो. काका आयुष्यभर ऑर्केस्ट्रात वाजवून निवृत्त झालेले. सेट प्रीमियरचा. ही इंग्लिश कंपनी, १९२२ साली लंडनमध्ये सुरू झालेली; युद्धात कारखान्यावर बॉम्ब पडले तेव्हा लेस्टरला गेली. बर्च लाकडाची शेल आणि क्रोम तर असं, की ठाण्याच्या हवेतही त्यात तोंड दिसत होतं. एक पंचाईत होती. १९६८च्या सुमारापर्यंतच्या प्रीमियरची काही मापं आजच्या मापांपेक्षा केसभर वेगळी, त्यामुळे दुकानातलं नवं हेड बसता बसत नाही. काकांचा सेट त्याच काळातला.

“काकू, ओटा जरा रिकामा मिळेल का?” मी विचारलं.

“का रे? भात लावणारेस त्यात?”

ग्रॅनाइटचा ओटा म्हणजे घरातली सगळ्यात सपाट जागा. शेल त्यावर उपडं ठेवायचं, आत टॉर्च लावायचा आणि दिवे घालवायचे. कड सरळ असेल तर खालून उजेड फुटत नाही. छोटा टॉम ड्रम ओट्यावर चिकटून बसला. फ्लोअर टॉमच्या एका बाजूने मात्र पिवळी रेघ झिरपली. काका अंधारातूनच म्हणाले, “ती बाजू गणपतीत आपटली. ट्रकमधून उतरवताना पोरांच्या हातून सटकला.”

दिवे लागल्यावर मी भोकं मोजायला घेतली. कंपनीने पाडलेली भोकं कुठे असतात ते ठरलेलं असतं. त्याहून जास्तीचं प्रत्येक भोक किंमत खाली ओढतं. बेस ड्रमची तर चाळण झाली होती. काकांना प्रत्येक भोक तोंडपाठ. “हे कोल्हापूरला. टॉमचा दांडा तुटला, नऊला पडदा उघडायचा होता, लोहाराला झोपेतून उठवून पाडून घेतलं. हे काउबेलसाठी, नाशिकला. हे...” इथे ते जरा अडखळले. “हे उगाचच पाडलं.”

रंग निळा होता, ब्रशने मारलेला. ऑर्केस्ट्रा पार्टीचा बॅनर निळा म्हणून. मी एक लग, म्हणजे शेलवरचा स्क्रू धरणारा धातूचा तुकडा, सोडवला. त्याच्याखाली लांबोड्या चौकटीत मूळची सोनेरी चमकी जशीच्या तशी होती, जिला पन्नास-पंचावन्न वर्षांत ऊन लागलेलं नव्हतं. काकू पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “अगंबाई, हा असा होता होय!”

संग्राहकांचा हिशेब कोरडा असतो. रंग बदलला की किंमत साधारण निम्म्यावर येते, मग भोकं, मग कड. वाजवणाऱ्याचा हिशेब वेगळा. त्याला आवाजाशी मतलब. भोकाने आवाजात फारसा फरक पडत नाही आणि वाकडी कड कसबी माणूस तासून सरळ करतो. मी काकांना दोन्ही हिशेब सांगितले आणि वाजवणाऱ्या पोरालाच द्या म्हटलं.

“म्हणजे वाजवलाच नसता तर जास्त आले असते?”

“हो काका. पेटीत ठेवला असतात तर बरेच जास्त.”

“मग घेतला कशाला असता?”

याला बाजारात उत्तर नाही. एकच सेट असा मला माहीत आहे की ज्याचं वाजणं भावात धरलं गेलं. १९६३ साली बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टारने लंडनच्या एका दुकानात काळ्या शिंपल्यासारख्या रंगाचा लुडविग पसंत केला. आवाज ऐकून नव्हे, रंग आवडला म्हणून. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले, सात कोटींहून जास्त लोकांनी ते पाहिलं, आणि ढोलावरचं नाव वाचून लुडविगकडे मागण्यांचा पूर लोटला. रिंगोचा १९६३चा तो सेट २०१५ साली लिलावात सुमारे २२ लाख डॉलरला गेला. गोष्टीला पैसे मिळतात ते असे. फक्त ती गोष्ट घडताना कोट्यवधी साक्षीदार लागतात. कोल्हापूरच्या लोहाराची साक्ष लिलावात चालत नाही. मला विचाराल तर चालायला हवी होती.

तर तुमच्या माळ्यावर असा सेट असेल, तर विकायच्या आधी त्याला नटवू नका. रंग मारू नका, बॅज ब्रासोने घासू नका, सुटे स्क्रू आणि फुलपाखरी नट एका पिशवीत घालून ती सेटबरोबरच ठेवा, कारण पन्नास वर्षांपूर्वीचा एक स्क्रू शोधताना महिना जातो. आणि सगळ्यात आधी झांजा बघा. घरातल्यांना त्या पितळ वाटतात, असतात काशाच्या, आणि रद्दीवाला त्या खुशीने वजनावर घेतो. त्यांवर इस्तंबूलच्या ‘के झिल्डजन’चा जुना ठसा असेल आणि तडा गेलेला नसेल, तर एकटी झांज उरलेल्या अख्ख्या सेटला मागे टाकू शकते. ठसा पुसट असतो. चाळिशीचा चष्मा लावा, झांज खिडकीपाशी तिरपी धरा आणि नीट वाचा. तोवर रद्दीवाल्याला खालीच थांबायला सांगा.