घरचा तोफखाना

नाशिक रोडला धडामधुडूमचं कौतुक नाही. पलीकडे देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, 1941 पासून. फायरिंग चालू असलं की आमच्या कपाटातल्या कपबश्या आपापसांत बोलतात आणि आम्ही चहा ढवळत राहतो. म्हणून आमच्या 1987 सालच्या प्रीमियर पद्मिनीनं पहिला बार काढला तेव्हा कुणी मानही वर केली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बार. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे आप्पा गॅलरीतून वाकून म्हणाले, "काय हो, तोफा फारच जवळ आणल्या यांनी!"

गाडी वडिलांनी नंबर लावून घेतलेली. 1089 सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, गिअर स्टिअरिंगच्या दांडीला. ती विकायचा विषय घरात निघत नाही. दुरुस्तीचा मात्र रोज निघू लागला.

पहिल्या उस्तादांनी प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. चौकाला दंतमंजनाचं नाव असलेल्या गावात आम्ही राहतो, तेव्हा एवढ्या काजळीत चार जणांचे दात घासून होतील हे मला लगेच कळलं. "पेट्रोल जास्त खातीये," म्हणत त्यांनी कार्बोरेटर सोडवला, जेट तोंडानं फुंकले, पुन्हा बसवले. दुसऱ्या उस्तादांनी ते ऐकून कपाळाला हात लावला आणि पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, टायमिंग मिळवलं. तिसऱ्यांचं म्हणणं टॅपेट. चौथ्यांनी सायलेन्सरखाली आडवं होऊन सांगितलं की जोडातून हवा ओढतीये. त्यात तथ्य होतं. गरम सायलेन्सरात न जळलेलं पेट्रोल आणि बाहेरची हवा एकत्र आली की बार होतोच. सायलेन्सर नवा आला. बार तेवढा जास्त घुमायला लागला.

पंचाईत अशी, की उस्तादांपैकी एकानंही तो बार स्वतःच्या कानांनी ऐकला नव्हता. गॅरेजं उघडतात दहा-अकराला. तोवर पद्मिनी तिथे अशी उभी, की जन्मात कुणावर आवाज चढवला नाही. "आणा बरं आवाज," उस्ताद म्हणायचे. मी रेस द्यायचो. ती नुसती गुणगुणायची. मग उस्ताद माझ्याकडे बघायचे, गाडीकडे नाही.

एकदा भल्या सकाळी तिनं बार काढला तो नेमका, जिथं देशाच्या नोटा छापतात त्या फाटकासमोर. बंदूकधारी जवान तीन ढांगांत पुढे आला. मी दोन्ही हात दिसतील असा उतरलो, बॉनेट उघडलं. त्यानं आत डोकावून पाहिलं, बंदूक खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "साहब, पॉइंट चेक करवाओ." मतदारयादीत एवढाच एक राहिला होता.

इंग्रज सोल्जर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असायचे. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात ते या देवळालीवरूनच. मी बोटीची वाट बघत नव्हतो, पण घरच्यांचं मत पडलं की लक्षणं तीच आहेत.

डिसेंबर आला. मावशीला पंचवटी एक्स्प्रेस गाठायची होती. सहा वाजता बाहेर मिट्ट काळोख, कारण लोडशेडिंग. दारणा नदीकडून आलेल्या गारठ्यानं गाडी दवानं न्हालेली. चावी फिरवली, धाड! मावशीनं पिशवीसकट रामाचं नाव घेतलं. मी तिरीमिरीत बॉनेट उघडलं. हातातल्या बॅटरीचे सेल संपलेले. त्या सेलांचे मी आजही उपकार मानतो.

अंधारात इंजिन थरथरत होतं आणि डेल्कोच्या टोपीवर निळे धागे पळत होते. एका खुंटीवरून शेजारच्या खुंटीवर, केसाएवढ्या भेगेतून, चर्र, चर्र. मावशीही वाकून बघायला लागली. "आत काजवे शिरलेत का रे?" म्हणाली.

डेल्कोचं काम रेशनच्या दुकानदाराचं: ज्याचा नंबर त्याला ठिणगी. आमच्या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन. टोपीच्या भेगेत काजळी बसलेली, तिच्यावर दव पडलं की ठिणगीला चोरवाट मिळायची. एक नंबरची ठिणगी तीन नंबरला जायची. तिथं पेट्रोलची वाफ आत येऊन पडलेली, झडप अजून पुरती मिटलेली नाही, म्हणून भडका उलटा कार्बोरेटरकडे. इकडे एक नंबरचं पेट्रोल न जळता सायलेन्सरात जाऊन फुटायचं. नंबर नसताना घुसलेला आणि नंबर असून उपाशी राहिलेला, दोघंही बोंबलत होते. ऊन वर आलं, दव वाळलं, की रांग सरळ. चारही उस्तादांनी ती टोपी काढली होती, बनियनच्या फडक्यानं पुसली होती आणि तश्शी परत बसवली होती.

मावशी रिक्षानं गेली. नवी टोपी बसवायला दहा मिनिटं लागली. पद्मिनी गप्प झाली आणि आठवड्यानं आप्पांनी जिन्यात अडवलं. "सहाला गजर लावावा लागतो हो आता," म्हणाले. आवाजात तक्रार होती.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल आणि सकाळी सकाळी बार काढत असेल, तर टॅपेटला हात लावू देण्याआधी एकदा दिवे घालवून बॉनेट उघडा. निळे धागे मात्र लांबूनच बघा. नेमकी भेग कुठं आहे ते दाखवायला मी बोट लावलं होतं. तो बार कार्बोरेटरातून आला नव्हता.