३६६ पायऱ्या आणि आत्या

आइंडहोव्हन, रविवार

ती. अण्णांस,


आम्ही सगळे खुशाल. तुमच्या भगिनीही खुशाल, फक्त सोफ्यावरून उठताना ‘रामलिंगा रे’ म्हणतात. कारण कळवतो.

काल आत्याला बेल्जियममधलं ब्रुज दाखवायला नेलं. तिथल्या बाजारचौकात ८३ मीटर उंच, मध्ययुगातला घंटेचा मनोरा आहे. चढायला ३६६ पायऱ्या. तिकीट बघून आत्या म्हणाली, “पैसे घेऊन वर चढवतेत? आपल्या येडशीला पायऱ्या उतरून रामलिंगाला जायचं, तेबी फुकट.” मी म्हटलं, उतरलेल्या पायऱ्या परतताना चढाव्या लागतातच की. “तवा दर्शन झालेलं असतंय!” आमचा वाद तिथंच मिटला.

जिना गोल. वर जाईल तसा अरुंद होत जातो, शेवटी धरायला नुसता दोर. तिथं वरून एक धिप्पाड गोरा आणि खालून आत्या समोरासमोर आले. श्रावणी सोमवारच्या गर्दीत रामलिंगाच्या गाभाऱ्यात शिरणारी बाई ती. मागं कोण सरलं हे सांगायला नको.

मधल्या मजल्यावर जुन्या खजिन्याची खोली आहे. शहराच्या हक्काच्या सनदा इथं लोखंडी दारांआड, अनेक कुलपांत ठेवत. आत्या थबकली. “आपला सातबारा असा ठिवला असता, तर भाऊबंदकी झाली नसती.” हे तुम्हाला उद्देशून होतं.

वर एकूण ४७ घंटा. खाली अठराव्या शतकातला प्रचंड पितळी रूळ. तो फिरला की त्यावरच्या खुंट्या तारा ओढतात, हातोडे पडतात आणि दर पाव तासाला गाणं वाजतं. आत्या मात्र हात पोचेल अशी घंटा शोधत होती. हे देऊळ नाही, शहराचा मनोरा आहे, असं सांगितलं तर म्हणाली, “मंजी घंटागाडीच की!” तेवढ्यात सगळ्या घंटा कानाशी दणाणल्या. आत्यानं पदर घेऊन हात जोडले. शेजारच्या जपानी बाईनंही जोडले.

उतरताना तुमच्या सूनबाईनं नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेची गोष्ट काढली: १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, या घंटेवर १७२१ साल कोरलंय. आत्या धापा टाकत म्हणाली, “घंटा आणल्या, जिना तितंच सोडला. शाना माणूस.”

पुढच्या आठवड्यात पॅरिस. आयफेल मनोऱ्याला लिफ्ट आहे, हे तिला तुम्हीच फोन करून सांगा. माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.

आपला,
बाळू