लाभाचा रकाना भरणाऱ्या साहेबांस

प्रति,
मा. लाभमापन अधिकारी,
सेफ सिटी कमांड सेंटर,
अली आस्कर रोड, बेंगळुरू.

विषय : मला झालेल्या लाभाची माहिती मिळणेबाबत.

महोदय,

आपलं पद मंजूर असेल, भरलेलं असेल आणि आपण रजेवर नसाल, असं गृहीत धरून हे पत्र लिहिते आहे. कॅमेरे किती बसवले ते सांगणारे साहेब पुष्कळ भेटतात. त्या कॅमेऱ्यांनी काय साधलं ते सांगणाराही कुणीतरी असणारच. इतके पैसे ओतून शेवटचा रकाना कोरा ठेवायला सरकार म्हणजे काही भिशी मंडळ नव्हे!

मी बाई आहे आणि रात्री मॅजेस्टिकला बस बदलते, म्हणजे आपली हक्काची लाभार्थी. २०१८ साली केंद्राने निर्भया निधीतून आठ शहरांतल्या स्त्रियांच्या सुरक्षेसाठी २,९१९ कोटींची योजना मंजूर केली. त्यात मुंबईला २५२ कोटी, दिल्लीला ६६३ आणि आमच्या बेंगळुरूला ६६७. असुरक्षिततेत आम्ही राजधानीलाही मागे टाकलं, ही काही लहान गोष्ट नाही. पुढे निविदांचा घोळ असा रंगला की २०२० च्या डिसेंबरात दोन वरिष्ठ पोलीस अधिकारी भर वर्तमानपत्रांतून एकमेकांशी भांडले आणि वर्ष संपता संपता दोघांचीही बदली झाली. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्र्यांनी कमांड सेंटरची फीत कापली. (मुंबईकरांनी हसू नये. २६/११ नंतर तिथलं कॅमेऱ्यांचं जाळं पुरं व्हायला २०१६ उजाडलं होतं.)

आता शहरावर सात हजारांहून जास्त डोळे आहेत. अभिनंदन. पण साहेब, ही झाली खरेदी. नुसते किती पैसे गेले ते सांगू नका, त्यातून निष्पन्न काय झालं ते सांगा, म्हणून तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी २००५ सालीच संसदेत आउटकम बजेट मांडलं होतं. त्याला वीस वर्षं उलटली. तरी खांब उभा राहिला, वायर जोडली, फोटो काढला की काम शंभर टक्के!

आपलं काम सोपं आहे, असं मी म्हणत नाही. समजा, पुढच्या वर्षी छेडछाडीच्या तक्रारी दुपटीने वाढल्या. मग गुन्हे वाढले, की पोलीस ठाण्याची पायरी चढायची भीती कमी झाली? आकडा तोच, अर्थ दोन. म्हणून तर कॅमेरे लावण्याआधीची स्थिती नीट नोंदवून ठेवायची असते : रात्री नऊनंतर किती जणी कुठल्या रस्त्याने चालत होत्या, फोन केल्यावर गाडी किती मिनिटांत येत होती. आपण ती नोंदवली असेलच. दाखवाल का?

आपल्याला याच शहरातली कम्मनहळ्ळी आठवत असेल. २०१७ च्या १ जानेवारीला, पहाटेच्या अंधारात, एका मुलीला तिच्या घराजवळच्या गल्लीत स्कूटरवरच्या दोघांनी गाठलं. ते टिपलं एका खासगी घराच्या कॅमेऱ्याने. मुलीने तक्रारही केलेली नव्हती. चित्रण बाहेर आलं, चार-पाच दिवसांत अटक झाली. लाभच म्हणायचा, आणि तोही सरकारी तिजोरीला एक रुपयाचा धक्का न लावता. पण तेच चित्रण देशभरच्या वाहिन्यांवर दिवसरात्र फिरत राहिलं. तिला कुणी विचारलं? आरोपी सापडणं हा एक रकाना झाला. ती मुलगी पुन:पुन्हा पडद्यावर दिसत राहिली, तो दुसरा. आपल्या तक्त्यात दोन्ही रकाने आहेत ना?

माझ्याच चेहऱ्याचं बघा. तो आपल्याकडे किती दिवस राहतो? कर्नाटकाच्या २०१७ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे लावून तीस दिवसांचं चित्रण जपायला लावलंय. म्हणजे हॉटेलवाल्याने कधीपर्यंत जपायचं ते ठरलं. आपण कधी पुसायचं? ते बघतं कोण, कुणाच्या सहीने, आणि बघितल्याची नोंद कुठल्या वहीत होते? खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी याच गावचे रहिवासी होते. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा आला आणि त्याच्या १७ व्या कलमात सरकारने स्वत:च्या यंत्रणांना सूट देण्याची सोयही करून ठेवली. थोडक्यात, किराणा दुकानदाराने माझा मोबाइल नंबर जपून वापरावा. आपलं आपण बघून घ्याल.

आमच्या भागातल्या फुटपाथवर आपला सेफ्टी आयलंड उभा आहे. लाल बटण, वर कॅमेरा, बोलायला माइक. परवा एक आजी त्याच्याकडे निरखून बघत होत्या. त्यांना ते बाटली भरून देणारं पाण्याचं यंत्र वाटलं. "नीरु बरल्वा?" त्यांनी मला विचारलं. पाणी नाही, पोलीस येतात, असं मी सांगितल्यावर त्या बटणापासून दोन पावलं मागे सरल्या. हा प्रतिसाद कुठल्या रकान्यात मोडतो, ते कळवावं.

आणि एक गोष्ट उपरोधाने विचारता येत नाही. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत अकरा माणसं गेली. आपलं सेंटर तिथून फार लांब नाही. त्या दुपारी आपल्या पडद्यांवर काय दिसलं, किती वाजता दिसलं आणि ते कुणाला कळवलं?

मागणी लहान आहे. दर सहा महिन्यांनी एक पान काढा. बटण किती वेळा दाबलं गेलं, गाडी किती मिनिटांत पोचली, किती प्रकरणांत चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून टिकलं, किती कॅमेरे बंद आहेत, चित्रण कुणाकुणाला दिलं आणि किती पुसलं. ते पान त्या लाल बटणाच्या खांबावरच चिकटवा. कन्नडमध्ये लिहा, आम्ही वाचू.

आपली नम्र,
एक लाभार्थी