ब्रश कुठे धुवायचा?

मेलबर्न

ती. आई-बाबा,

कुकर लावलाय, शिट्ट्या होईपर्यंत लिहितो. आई, तुझ्या फोनवरच्या काळजीला आधी उत्तर. घर आम्हीच रंगवतोय, पण शिडीवरून कोणी पडलेलं नाही आणि रंगारी न बोलावण्यात कंजूषपणाही नाही. इथे चार खोल्यांच्या मजुरीत आम्ही दोघं कोल्हापूरला येऊन, तुमचं घर रंगवून परत जाऊ शकतो.

बाबांचा प्रश्न मात्र बिनतोड वाटतो: पाण्याचा रंग पाण्यानेच धुवायचा, मग ब्रश अंगणातल्या नळाखाली धुतला तर सरकारचं काय जातं? इथे त्याला दंड आहे. कारण मोरीचं पाणी वेरिबीसारख्या सांडपाणी केंद्रात शुद्ध होतं, पण रस्त्याकडेच्या गटारातलं बहुतेक तसंच ओढ्यांतून यारा नदीत आणि पुढे पोर्ट फिलिपच्या उपसागरात जातं. शिवाय पाण्याचा रंग म्हणजे काही पाणी नव्हे. ॲक्रिलिकचे कण पाण्यात नुसते तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा प्लॅस्टिकसारखा पापुद्रा होतो, तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. वाळलेला ब्रश धुऊन निघत नाही तो यामुळेच. मोरीत धुवावा, तर तोच थर नळीत बसायचा. कोल्हापूरच्या जयंती नाल्यातल्या घाणीवरून महापालिकेला रोज नावं ठेवणाऱ्या बाबांना तरी हा नियम जाचक वाटू नये. मला वाटतो, पण तो बरोबर आहे.

माझं म्हणणं एवढंच, की ब्रश धुण्याचं खरं काम पाण्याआधीचं आहे. आई तेलकट कढई आधी कागदाने पुसते आणि मगच घासते, तेच शास्त्र इथे. रोलरमधला रंग पट्टीने खरवडून डब्यात परत घ्यायचा, ब्रश वर्तमानपत्रावर पुसून काढायचा. मग दोन बादल्या: पहिलीत मळ काढायचा, दुसरीत खळबळायचा. पाणी रात्रभर ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं निवळ पाणी गटारापासून लांब, हिरवळीवर ओतायचं. गाळ कागदावर वाळवून कचऱ्यात. दुसरा हात उद्या द्यायचा असेल तर तेवढंही नको, ब्रश प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळला की रात्रभर ओला राहतो.

बंडूकाका म्हणतील, एवढ्या उपद्व्यापापेक्षा फेकून द्या आणि नवा घ्या. चांगला ब्रश इथे वीस-तीस डॉलरना पडतो, स्वस्तातला घेतला तर त्याचे केस भिंतीवर उगवतात. आणि ओला रंग कचऱ्यात टाकायची परवानगीच नाही, म्हणजे फेकायचा झाला तरी पुसणं-वाळवणं चुकत नाही. काकांचं एका बाबतीत खरं आहे: तेलरंगात माखलेला स्वस्त रोलर धुण्यात टर्पेंटाईनच जास्त जातं, तो वाळवून टाकलेला बरा. पण त्यांच्यासारखा ब्रश महिनोन्‌महिने रॉकेलच्या डब्यात उभा ठेवला, तर त्याची मान कायमची वाकडी होते. उरलेल्या रंगाची सोय आहे: 2016 पासून इथे रंगाच्या किमतीत लिटरमागे काही सेंट जास्त घेतात आणि उरलेले डबे 'पेंटबॅक'च्या केंद्रावर फुकट घेतात. फुकट म्हणजे आपणच आधी दिलेल्या पैशांत, हे बाबांनी बोलायच्या आत मीच सांगतो.

कोल्हापुरात रंगारीमामा चहा पिऊन ब्रश गोळा करून नेतात, म्हणून घरात कोणाला हे शिकावंच लागलं नाही. इथे ऑक्टोबरात वसंत असतो, तरी ताज्या रंगाचा वास आला की मन दिवाळीच धरून बसतं आणि चकलीच्या भाजणीवर जातं. भाजणी पाठव. लाडू नकोत, वाटेत त्यांचा चुरा होतो.

बाबा, यंदा घराला रंग लागेल तेव्हा मामांना मागच्या गटारीऐवजी दोन बादल्या आणि जुने पेपर द्या. आणि बंडूकाकांना आपला ब्रश उसना देऊ नका.

तुमचा,
बाळ्या